वाक्य पूर्ण होईपर्यंत

चहाच्या मशीनने कप न देताच चहा सोडायला सुरुवात केली. "अगं बाई!" म्हणत मी मागे सरकले, एवढ्यात शेजारून एक हात पुढे आला... हातात रिकामा कप! चहा त्यात पडला आणि कप माझ्याकडे आला. मी आभार मानले. तो उंच, सावळा माणूस नुसता हसला, मान हलवली आणि निघून गेला.

एक शब्द नाही! काय शिष्ट आहे, असं पुटपुटत मी जागेवर आले.

आमची कंपनी फर्निचरचे सुटे भाग खोक्यात घालून विकते. गिऱ्हाइकाने ते घरी कसे जोडायचे, याची पत्रकं मी लिहिते. खाली वर्कशॉपमध्ये नुकताच नवा इंजिनिअर आला होता. त्याच दुपारी त्याचा मेल आला.

"तुमच्या पत्रकाप्रमाणे कपाट जोडलं. दार आतल्या बाजूला उघडतं. आत राहायला जाणाऱ्याची छान सोय होईल."

मी खुदकन हसले. लगेच उत्तर पाठवलं, "दुरुस्त करते. तोवर तुम्ही आत राहायला हरकत नाही."

झालं! कपाटावरून गाडी टेबलावर गेली, टेबलावरून खिडकीतल्या पावसावर. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंसुद्धा नाही. मेल आला की माझा चेहरा असा काही फुलायचा, की शेजारची मैत्रीण म्हणायची, "स्क्रूच्या मापात एवढं लाजण्यासारखं काय असतं गं?"

"चहाला वर ये की," असं मी लिहिलं, की तो मात्र शिताफीने विषय बदलायचा.

मग एकदा सगळ्यांची मीटिंग झाली. साहेबांनी नव्या पलंगाबद्दल विचारलं आणि कोपऱ्यातून उठला... तो कपवाला! हा? माझा मेलवाला हा?

"सर, पलंगाचा म... मधला पाय... क... क..."

शब्द अडला. सगळे आपापल्या वह्यांत बघू लागले. त्याच्या कपाळावर घाम आला. मला राहवेना.

"कमकुवत आहे, असंच ना?" मी चटकन बोलून गेले.

"मग जाड करा," साहेब म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि तो खाली बसला.

दुसऱ्या दिवशी त्याचा मेल आला. "मधला पाय काढून टाकण्याची माझी सूचना मागे घेत आहे. आपण पत्रक पायासह लिहावे. कळावे."

काढून टाकण्याची! मी भलतंच बोलले होते. आणि वर 'तू'चं एकदम 'आपण'!

घरी लॅपटॉप घेऊन बसले. माफी लिहायची, खोडायची. शेवटी ताई डोकावली. "मघापासून काय टकटक चाललीय?"

मी सगळं सांगितलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "तोंडाने केलेली चूक मेलने निस्तरणार होय? सरळ जाऊन बोल त्याच्याशी!"

सकाळी मी वर्कशॉपमध्ये गेले. लाकडाच्या भुशाचा गोडसर वास होता, पत्र्यावर पाऊस वाजत होता. तो एका फळीला पॉलिश करत होता.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "तुझं वाक्य मी पळवलं, आणि तेही चुकीचं. साहेबांना तसं सांगून आलेय. ते आज तुझं पुन्हा ऐकणार आहेत."

त्याने पॉलिशचं फडकं फळीवर ठेवलं.

"सगळेच प... पूर्ण करतात," तो म्हणाला. "तू नाही क... करणार, असं वाटलं होतं."

मी मान खाली घातली.

दुपारी तो साहेबांपुढे उभा राहिला. सावकाश बोलला, जागोजागी अडखळला, पण शेवटपर्यंत बोलला. साहेबांनी मधल्या पायाशिवाय एक पलंग बनवून बघायला सांगितलं. मी वहीच्या कडा कुरतडत गप्प बसून होते.

बाहेर पडले, तर जिन्याच्या खिडकीशी तो थांबलेला.

"मी तुला म... मेल करणार होतो."

"मग केला का नाहीस?"

"उत्तराची व... वाट बघवली नसती." तो हसला. मग हसू मावळलं, आणि त्याने खिडकीची कड घट्ट धरली. "मला... तू..."

शब्द अडला. तो शब्द मला समोर दिसत होता... अगदी ओठांवर आला होता माझ्या. पण मी थांबले. कुणीतरी आमच्या बाजूने जिना उतरून गेलं. काचेवरून पाण्याचे ओघळ येत राहिले. त्याने डोळे मिटले, श्वास घेतला आणि डोळे पुन्हा उघडले.

"तू... आवडतेस. खूप."

मी तोंड उघडलं... आणि काय सांगू, मलाच काही बोलता येईना! नुसतं "म... मी..." करत राहिले.

त्याला उत्तर कळलं होतं. डोळ्यांत दिसत होतं ना! पण तो काही बोलला नाही. खिडकीला टेकून, गालात हसत, तो आरामात माझी वाट बघत उभा राहिला.