मागेल त्याला जागा

दिवा राहू द्या, पोरांनो. भीतीसाठी नाही, मला अंधारात चष्मा सापडत नाही.

हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही. माझ्या बाबतीत नोकरीतही काही घडलं नाही. म्हणून तर पेन्शन वेळेवर येते. घडलं ते आमच्या कचेरीतल्या नकाशेवाल्याच्या बाबतीत.

गेल्या वर्षी नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. एका मंडळासाठी त्याने टेकडीच्या वाटांचा नकाशा काढला होता, तो पोचवायला गेला. मंडळ भविष्यातल्या वस्त्यांवर कथा लिहिणाऱ्यांचं. महिन्यातून एकदा टेकडीवर चालत चालत चर्चा करायचे. दोनशे वर्षांनी माणसं एकत्र कशी राहतील, यावर त्यांचं जवळजवळ एकमत झालेलं. आपल्या शेजारी कोण राहतं, हे मात्र एकालाही सांगता आलं नसतं. मंडळाच्या प्रमुख ग्रंथपाल बाई सहज म्हणाल्या, "काका, चला की आमच्याबरोबर." बायको गेल्यापासून त्याला 'चला' असं कोणी म्हटलं नव्हतं. गेला.

त्याला एकच धास्ती असायची. मला म्हणायचा, "रात्री मेलो, तर आधी दूधवाल्याला कळेल. तेही दुसरी पिशवी दारात तशीच दिसल्यावर."

मंडळाचा एक खेळ होता. चालता चालता एकाने भविष्यातला कोणी माणूस व्हायचं आणि वस्तीत जागा मागायची. द्यायची की नाही, ते बाकीच्यांनी ठरवायचं. कुणी उपरा झालं, कुणी रोगी. बहुतेकांना नकार मिळाला. भविष्य झालं म्हणून समित्या थोड्याच सुटतात! शेवटी नकाशेवाल्याला राहवलं नाही. म्हणाला, मागेल त्याला जागा द्या, एकटं कोणी राहू नये. सगळे हसले, पण बाईंनी तो नियमच करून टाकला.

उतरताना अंधार पडला. पायवाट अरुंद, सगळे एकामागे एक. गुडघ्यांमुळे हा सर्वांत शेवटी.

मागून कोणीतरी विचारलं, "मला जागा मिळेल का?"

त्याला वाटलं, खेळ चालू आहे. वळून न बघताच म्हणाला, "मिळेल की. माझ्याकडेच राहा. मी एकटाच असतो."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

दोन पावलं गेल्यावर लक्षात आलं... शेवटी तर आपणच आहोत.

थांबला. मागे पाहिलं. वाट. नुसती वाट...

घरी आला. कुलूप काढलं. दार ढकललं. उघडेना.

आतून कडी.

उभा राहिला. बराच वेळ. मग हळूच म्हणाला, "मी आहे."

कडी निघाली.

आत... कोणी नव्हतं.

मला हे सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, पोटभाडेकरू ठेवलाच आहेस तर भाडं तरी घे. तो हसला नाही. घर बदल म्हटलं, तर म्हणाला, "शब्द दिलाय रे. बोलत नाही कधी... पण असतं."

मार्चात एका सकाळी त्याने फोन उचलला नाही, म्हणून मी गेलो. दार आतून बंद. खिडक्यांना गज. सुताराकडून कडी तोडून घेतली. आत दुसरं कोणी नाही.

तो पलंगावर होता. गार. डोळे मिटलेले. चादर छातीपर्यंत नीट ओढलेली.

आणि हनुवटी... धुतलेल्या फडक्याने बांधलेली. डोक्यावर गाठ. मेलेल्या माणसाची त्याची माणसं बांधतात ना...

तशी.