पडद्याचा उजवा कोपरा

मे महिन्यातल्या एका दुपारी प्रणिता बीडहून एसटीनं चौसाळ्याला उतरली, तेव्हा तिच्या काखेत पुठ्ठ्याचा एक खोका होता. खोक्यात संगणकाला लावायचं टीव्हीचं कार्ड आणि एचडी चित्राचा नवा डबा. दोन हजार दहा साल होतं. ज्या घरात काही म्हणता काही स्वच्छ बोललं जात नव्हतं, तिथं निदान टीव्ही तरी स्वच्छ दिसावा, एवढंच तिला हवं होतं.

अप्पांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, महामार्गाला लागून स्वतःच्या नावाचं, ‘महारुद्र’, भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानामागं घर. घरात जुना, पोटफुग्या टीव्ही. त्याच्या काचेवर उजवीकडं, खालच्या कोपऱ्यात, निळा कागद चिकटवलेला असायचा. अर्ध्या पोस्टकार्डाएवढा. क्रिकेट असो की बातम्या, तो कोपरा घरात कुणाला दिसत नसे. कागदाचा रंग उडाला की अप्पा नवा लावायचे. डोळे मिटून, चाचपत.

दहा वर्षांची असताना प्रणितानं विचारलं होतं, तर गालावर बोटं उमटली. बीएस्सी झाल्यावर पुन्हा विचारलं, तर अप्पा म्हणाले, "तुला काय कळतं." या घरात सगळ्या प्रश्नांना हेच उत्तर होतं. तिनं मग विचारणंच सोडलं आणि शिकवणीच्या पैशातून संगणक घेतला.

तीनला लाईट आली. अप्पा दुकानात होते. प्रणितानं कार्ड बसवलं, गच्चीवरून आलेली वायर नव्या डब्याला जोडली आणि मॅच लावली. मैदानाचं गवत पातं न् पातं दिसायला लागलं.

आई, शिवम्मा, हात पुसत आत आली. "अगंबाई, त्याच्या मानेवरचा घाम दिसतोय की. आनि याच्या दातात काहीतरी अडकलंय."

"बघ. आणि तुम्ही इतकी वर्षं चिखल बघत बसलात."

आई हसली आणि पापड उलथायला गच्चीवर गेली. प्रणितानं खुर्ची पुढं ओढली. मग सहज, आयुष्यात पहिल्यांदा, तिची नजर संगणकाच्या पडद्याच्या त्या कोपऱ्यात गेली.

तिथं मैदान नव्हतं. ओल्या मातीत खोदलेला एक कोनाडा होता. कुदळीच्या खुणा दिसत होत्या, मातीतली तुटकी मुळं दिसत होती. तिनं चॅनेल बदललं. बातम्या. कोनाडा तिथंच. स्वयंपाकाचा कार्यक्रम. कोनाडा तिथंच. आत कुणीतरी मांडी घालून बसलं होतं. मान खाली, तोंडावर झेंडूच्या माळांचा ढीग. भोवती बेलाची पानं आणि विभूती.

ती बसवण्याची रीत तिला माहीत होती. त्यांच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत, असंच बसवून पुरतात.

डावा हात मांडीवर उताणा होता. मनगटात काचेच्या बांगड्या. चित्र इतकं स्वच्छ होतं की तिनं त्या मोजल्या. पाच. चार हिरव्या, आणि बरोबर मधली एक लाल.

खोलीत ओल्या मातीचा वास येऊ लागला. बाहेर बेचाळीसचं ऊन होतं.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा घरघरत थांबला. संगणकाखालचा यूपीएस बीप... बीप... करू लागला. त्याच्यावर फक्त संगणक चालत होता, एचडीचा डबा नाही. डब्याचा दिवा विझला आणि स्वयंपाक करणारी बाई काळ्या पडद्यात विरून गेली.

कोपरा गेला नाही. काळ्या पडद्यावर तो जास्तच उजळला.

प्रणितानं बटण दाबून धरलं. वायर उपटली. यूपीएसची पिनही काढली. बीप... बीप... चालूच. आणि त्या माळा, एकेक फूल करत, खाली घसरू लागल्या. मान हळूहळू वर येत होती.

"अप्पा," तिनं हाक मारली.

अप्पा हातात तांब्या घेऊनच आले. पडद्याकडं न बघता दारातच थांबले.

"कावून उघडलंस गं ते..."

"बंद होत नाही, अप्पा."

"तोंड बघितलंस का?"

"नाही... माळा आहेत."

"मग बघू नको. भिंतीकडं वळ." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "तुझी सत्यभामाआत्या याच्यापायीच गेली. जुन्या टीव्हीत नुसता डाग दिसायचा, मानसासारका. मी हसत म्हनलो, ही तर आपली सत्यभामा बसलीय. आठव्या दिवशी गेली... ज्याचं नाव घेतलं त्याचं मरन ठरतं, पोरी. न्हाई घेतलं तर ते उठून येतं म्हनून भ्यायचो. म्हनून कागद."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू आधी कागद काढला असता."

तिनं भिंतीकडं तोंड केलं. मागं अप्पांची पावलं पडद्यापाशी गेली आणि थांबली.

नुसतं बीप... बीप... तिनं हळूच मागं पाहिलं. अप्पांची पाठ पडदा झाकून उभी होती. ती पाठ थोडी वाकली, कुणी डोक्यावर पाण्यानं भरलेली घागर ठेवावी तशी. मग अप्पा मोठ्यानं म्हणाले, गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसे, "महारुद्र. महारुद्र हाय हा. मीच हाय."

बीप थांबला.

"अप्पा, तो हात बाईचा होता."

"तुला काय कळतं," अप्पा म्हणाले. पण या वेळी त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो बराच वेळ काढला नाही.

दुसऱ्याच दिवशी ती त्यांना भांडून बीडला घेऊन गेली. छातीच्या ठोक्यांचा कागद काढला, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, पंचविशीतल्या पोरासारखं हृदय आहे. अप्पा गाडीत रसवंतीचा ग्लास धरून हसले. आठव्या दिवशी, सकाळी दहाला, घागरींची उतरंड लावता लावता ते खाली बसले ते उठलेच नाहीत.

अप्पांना कोनाड्यात बसवताना प्रणिता काठावर उभी होती. त्यांचं मनगट मोकळं होतं.

त्याच दिवशी आईच्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढल्या गेल्या. लाल एकही नव्हती. तरीही प्रणिताला, लाज वाटावी इतकं, हायसं वाटलं. तो हात आता घरात कुणाचाच नव्हता. ती स्वतः मनगटात फक्त घड्याळ घालायची. आईचं मरण अप्पांनी स्वतःवर घेतलं, असं तिनं मनाशी पक्कं केलं. संगणक चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला.

दिवाळीनंतर राजेश्वरकाका आले. "बाप गेल्यावर लेकीचं लगीन वर्षाच्या आत करायचं, न्हाईतर तीन वर्षं थांबायचं. केजचं स्थळ हाय. आपलेच लोक."

"मी थांबते तीन वर्षं. पाच थांबते."

"तू थांबशील. तुझी आई थांबंल का? दुकान बंद, घरात बाप्या मानूस न्हाई."

ती काकांवर ओरडली, ताट सरकवलं. आई रिकामे हात मांडीवर घेऊन बसून राहिली. तिसऱ्या दिवशी प्रणिताच म्हणाली, "करा काय करायचं ते."

लग्नाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, छबुबाई कासारीण चुडा भरायला आली. ओसरीवर बायकांची दाटी. प्रणितानं घड्याळ काढलं.

"हात लई ताठ धरतीस गं. सैल सोड," छबुबाई म्हणाली. एक हिरवी गेली. दुसरी गेली. तिसरीचे कट्कन दोन तुकडे झाले.

"वाढली गं बाई." छबुबाईनं टोपली धुंडाळली. "डाव्या हाताला पाच पायजेत, आनि तुझ्या मापाच्या हिरव्या दोनच राहिल्या. थांब, मधी एक लाल भरते. कुनाला दिसतीय?"

"नको," प्रणिता म्हणाली. "मावशी, नको... हात सोडा."

बायका हसल्या. नवरी लाजतीय, कुणीतरी म्हणालं. छबुबाईची पकड चाळीस वर्षांच्या कामाची होती. लाल गेली. तिच्यावर दोन हिरव्या गेल्या.

आई पुढं सरकली. डोळे पुसत तिनं लेकीचा डावा हात उचलला, डोळे भरून बघितला, आणि प्रणिताच्या मांडीवर अलगद, उताणा ठेवला.