एका स्वयंपाकातली माणसं

चष्म्याचा स्क्रू पडायला कुठलाही दिवस चालला असता. पण तो पडला नेमका या गावातल्या कामाच्या पहिल्या सकाळी, भर रस्त्यात, भुरभुर पाऊस असताना. एक काडी कानावर, दुसरी हातात अशा अवतारात ती समोरच्या चष्म्याच्या दुकानात शिरली. काउंटरमागे एक तरुण भिंग पुसत बसला होता. त्यानं मान वर केली आणि हातातलं फडकं तसंच राहिलं.

“हसू नका,” ती म्हणाली.

“हसत नाही हो. अर्धा चष्मा घालणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहतोय. अर्धे पैसे घ्यावेत का, विचार करतोय.”

पैसे त्यानं घेतलेच नाहीत. चष्मा हातात देताना म्हणाला, “दोन दिवसांनी एकदा दाखवून जा. हे स्क्रू… बेभरवशाचे असतात.”

ती दुकानाला वळसा घालून मागच्या जिन्यापाशी गेली, यादीतला पत्ता पाहून वरच्या मजल्यावर चढली आणि बेल वाजवली. दार चष्मेवाल्यानंच उघडलं. दुकानातून घरात जाणारा आतला जिना होता.

“इतक्यात सैल झाला?”

“नाही!” ती गडबडली. मग गळ्यातलं ओळखपत्र पुढे करून म्हणाली, “आई आणि बाळांच्या आरोग्याची पाहणी चालू आहे. तुमचं घर चिठ्ठीत निघालंय. घरात माणसं किती?”

“चार. आई, दादा, वहिनी, मी.”

“सगळे एकाच स्वयंपाकातलं जेवता?”

“हो. मी जरा जास्त जेवतो. चालेल ना?”

“काल रात्री घरात कोण कोण झोपलं होतं? पाहुणा असला तरी आम्ही मोजतो.”

“पाहुणे नव्हते. तशी… जागा आहे.”

तिनं टॅबवरून नजर उचलली नाही. “तुमचं लग्न झालंय?”

“हे यादीत आहे, की—”

“यादीतच आहे!”

“मग लिहा, नाही.” तो हसला. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या, आणि चष्मा उगाचच नाकावर घसरला.

पुढचे प्रश्न वहिनीसाठी होते, आणि ते एकांतातच विचारायचे असा नियम. आईंना तो मुळीच पटला नाही. “माझ्यापासून काय लपवायचंय? सून आहे माझी, परकी का आहे?”

“आई, चल खाली, तुझा नंबर तपासतो,” म्हणत चष्मेवाल्यानं त्यांना जिन्यावरून जवळजवळ उचलूनच नेलं. जाता जाता वळून त्यानं तिच्याकडे पाहिलं. उपकार केल्याचा आव आणून.

वहिनी खिडकीपाशी बसली. शांत बाई. मुलं किती, या प्रश्नाला म्हणाली, “नाहीत.” जन्मून नंतर गेलेलं? “नाही.”

इथं थांबता आलं असतं. पण प्रशिक्षणात तिला एक गोष्ट घोकून घोकून शिकवली होती. उत्तर ‘नाही’ आलं, तरी पुढचा प्रश्न विचारायचाच, छापलाय तसा, एक शब्दही न बदलता. कारण जे बाळ थोडाच वेळ राहतं, तेच मोजणीतून सगळ्यांत आधी निसटतं. एक श्वास घेतला, एकदा हाललं, तरी ते जिवंत जन्मलेलं. त्याला मृत जन्मलेल्यांत ढकललं, की बालमृत्यूचा आकडा छान दिसतो, आणि ते का गेलं हे कुणी विचारत नाही.

तिनं वाचलं, “असं एखादं बाळ होतं का, जे रडलं, किंवा ज्यानं श्वास घेतला, हालचाल केली, पण ते राहिलं नाही?”

पदराला पीळ घालणारी वहिनीची बोटं थांबली.

“रडला होता,” ती म्हणाली. “मांजराच्या पिलासारखा. एकदाच. मग सगळे म्हणाले, तू गुंगीत होतीस, भास झाला. तो मेलेलाच जन्मला… आता मलाही नक्की सांगता येत नाही, ताई. तुम्ही लिहा ना, त्यांचं म्हणणं आहे तेच.”

“त्यांना नाही विचारत मी. तुम्हाला विचारतेय. तुम्ही काय ऐकलंत?”

खाली दुकानात आई अक्षरं वाचत असल्याचा आवाज येत होता.

“रडला,” वहिनी म्हणाली. यावेळी ठामपणे.

“मग तसंच लिहिते. मुलगा. त्याला काही नाव दिलं होतं?”

हाही यादीतलाच प्रश्न. पण वहिनीला तो आजवर कुणी विचारला नव्हता. तिनं मनातल्या मनात ठेवलेलं नाव हळूच सांगितलं, आणि मग ती रडली. पोटभर.

दोन दिवसांनी स्क्रू खरंच सैल झाला. ती दुकानात गेली, तेव्हा तो हसला नाही.

“वहिनीला काय विचारलंत तुम्ही? दोन दिवस तिचे डोळे सुकले नाहीत.”

“जे सगळ्या घरांत विचारते तेच.”

“आणि ती काय म्हणाली?”

“ते मी नाही सांगू शकत.”

“मी काही परका नाही. तिचा धाकटा दीर आहे, भावासारखा!”

“माहितेय. तरीही… नाही.”

तेवढ्यात आई जिन्यावरून उतरल्या. “बाई, तिनं काय लिहून दिलं असेल ते मला ठाऊक आहे. खोडून टाक. सरलेलं कशाला उकरायचं?”

“आई, काय लिहिलं ते मी सांगणार नाही. आणि ते बदलणारही नाही.”

चष्मेवाल्यानं स्क्रू घट्ट आवळला, चष्मा काउंटरवर ठेवला. हातात दिला नाही. “झालं,” म्हणाला. एवढंच.

ती रस्त्यावर आली. एक वाक्य बोलली असती, तर तो निवळला असता. पण सांगितलेलं बाहेर जाणार नाही या भरवशावरच वहिनी बोलली होती. तो भरवसा मोडून कुणाची मर्जी मिळवायची, तर ती मर्जी काय कामाची? हे सगळं पटत होतं. तरी त्या आठवड्यात रोज त्या गल्लीच्या तोंडाशी तिची पावलं आपोआप मंदावत होती.

शनिवारी पाहणीचं पथक पलीकडच्या शहराकडे निघालं. गाडीत सामान चढत होतं, तेवढ्यात तो धावत आला. केस विस्कटलेले, धाप लागलेली.

“थांबा… काल जेवताना वहिनी बोलली. म्हणाली, तो रडला होता. आणि दादा…” त्यानं श्वास घेतला. “दादाचा घास हातातच राहिला. म्हणाला, मीही ऐकलं होतं. दाराबाहेर उभा होतो. आईला वाटलं होतं, मेलेलाच जन्मला म्हटलं तर वहिनीला विसरणं सोपं जाईल. म्हणून दादा गप्प बसला. काल आई तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. पहिल्यांदाच घरात त्या बाळाला नावानं हाक मारली सगळ्यांनी.” तो थांबला. “ते नाव तुम्हाला आधीच माहीत होतं ना?”

तिनं नजर वळवून चष्मा नीट केला.

“नका सांगू,” तो हळूच म्हणाला. “आता कळतंय… त्या दिवशी मी फार तोडून बोललो. चुकलो.”

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

“आणखी एक. पहिल्या दिवशी तो स्क्रू मीच सैल ठेवला होता. तुम्ही परत यावं म्हणून.”

“म्हणजे लबाडी!”

“शुद्ध लबाडी. दुसऱ्यांदा मात्र रागात आवळला. तो आता जन्मात सुटायचा नाही.” त्यानं मान खाली घातली. “तुमची पुढची मोजणी कधी?”

“पाच वर्षांनी.”

“अरे देवा! मधे कुणी पाचवं माणूस आमच्या स्वयंपाकात जेवायला लागलं, तर ते मोजायचं राहील ना?”

ती हसली. मग चष्मा काढला, गाडीला टेकवून ठेवलेल्या बॅगेतून नेलकटर शोधलं आणि त्याचं टोक स्क्रूच्या खाचेत घालून, ओठ दाबून, जोर लावून अर्धा फेरा उलटा फिरवला. काडी लुळी पडली.

“हा बघा, पुन्हा सैल झाला,” ती म्हणाली. “उद्या रविवार, मला सुट्टी. दुकान उघडं असतं का?”