तीस थापा

एंगाडीन खोऱ्यातल्या त्या हिमकड्याच्या उतारावर सेराइना नेहमीच्याच कामाला गेली होती. बर्फात खड्डा खणायचा, थर बघायचे आणि उद्या धाकट्या भावाने, कुर्दीनने, आपली स्कीवाल्यांची टोळी इथून न्यायची की नाही, बर्फ कोसळेल का, ते सांगायचं. नोव्हेंबरची दुपार, बर्फ जेमतेम मांडीपर्यंत. लोक फसतात ते असल्याच दिवसांत. एवढ्याशा बर्फाला काय घाबरायचं, म्हणतात.

"ताई, आटप की. का हिवाळाभर खणत बसणार आहेस?" कुर्दीन मागून म्हणाला.

"तू गप मोज."

तळाशी ऑक्टोबरचा बर्फ होता, साखरेसारखा सुटा. तिला तो मुळीच आवडला नाही. तिने बर्फाचा खांब कापला, त्यावर फावडं ठेवलं आणि थापा मारू लागली. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून; तीसही सोसून खांब टिकला, तर उतार भरवशाचा. मारणाऱ्याने खांबावरची नजर हलवायची नाही, आकडे जोडीदाराने म्हणायचे. मागून संथ आवाज येत होता. "अठ्ठावीस... एकोणतीस... तीस."

खांब जागचा हलला नाही. तिला हायसं वाटलं. ती वळली.

मागे कोणीच नव्हतं. कुर्दीन शंभर पावलांवर, सुळक्यापाशी वाकून बुटाचा पट्टा आवळत होता.

तिने दुसरा खांब कापला आणि या वेळी स्वतःच मोजू लागली. चौथ्या थापेलाच खांब तळातून निसटून तिच्या मांडीवर आला.

"तीस ना? ऐकलं मी!" कुर्दीन ओरडला. "येतो!"

"थांब! पाय टाकू नकोस!"

त्याने पाय मागे घेतला आणि खोलवर धप्प आवाज झाला. सेराइना कडेच्या खडकाला बिलगली. अख्खा उतार तिच्या डोळ्यांदेखत खाली गेला.

खडकांवरून ती कशीबशी त्याच्यापाशी पोहोचली आणि त्याला घट्ट धरून रडली. मग नेमाप्रमाणे दोघांनी छातीवरची यंत्रं सिग्नल देणं थांबवून, गाडलेल्यांचा सिग्नल शोधायला लावली. त्या दोघांखेरीज उतारावर कोणीच नव्हतं, म्हणजे आता सिग्नल देणारं एकही यंत्र नव्हतं. तरी दोन्ही पडद्यांवर आकडा उमटला. शेहेचाळीस मीटर, खालच्या ढिगाऱ्याकडे.

"कोणीतरी गाडलं गेलंय!" कुर्दीनने फावडं उचललं. "जायला हवं, ताई."

आयुष्यात तिने कधी सिग्नलकडे पाठ फिरवली नव्हती. तरी तिने त्याची बाही सोडली नाही.

"बघ... आपण हललोय का?"

दोघं जागच्या जागी उभे होते. आकडा एकेचाळीस झाला. मग सदतीस.