माईच्या संगणकातली अर्धी अंगाई

आमच्या आबांना एक अंगाई येते, पण अर्धीच. तिला शब्द नाहीत, नुसती चाल आहे. आबा छोटूला मांडीवर घेतात, थोपटतात आणि गुणगुणायला लागतात. छोटूचे डोळे मिटायला येतात आणि नेमकी तेव्हाच चाल संपते. संपते म्हणजे मध्येच तुटते. मग छोटू टक्क डोळे उघडतो आणि भोकाड पसरतो.

"पुढचं म्हणा ना, आबा!" मी ओरडते.

"पुढचं आठवत नाही गं, जुई," आबा म्हणतात. दर वेळी हेच.

छोटू हा माझा आठ महिन्यांचा भाऊ. आई-बाबा कामावर गेले की त्याला झोपवायची जबाबदारी आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, आणि त्याचं रडणं ऐकायची जबाबदारी माझी. आबा शास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आयुष्यभर प्रयोगशाळेत बॅटऱ्या बनवल्या. आमच्या इचलकरंजीतले सगळे यंत्रमाग आज ज्या बॅटऱ्यांवर चालतात, त्यांत आबांचाही हात आहे. एवढ्या मोठ्या माणसाला एक अंगाई पुरी येऊ नये, याचं मला फार आश्चर्य वाटायचं.

"मी पुढची चाल तयार करून देऊ का?" बंडूने एकदा विचारलं. बंडू हा आमचा घरकाम करणारा यंत्रमानव. त्याला माहीत नाही असं काही नसतं. "अशा हजारो चाली मला ठाऊक आहेत. जुळणारी चाल लगेच निघेल."

"निघेल की," आबा म्हणाले. "पण ती तुझी असेल, लेका. मला माईची हवी."

माई म्हणजे आबांची आई. मी तिला फक्त फोटोत पाहिलंय. यंदाच्या दसऱ्याला मात्र माझी तिच्याशी जरा जास्त ओळख झाली.

दसऱ्याला आबा कपाटातून एक जुनापुराणा संगणक काढतात. पिवळा पडलेला लोखंडी डबा, त्याच्याएवढाच जाडजूड पडदा आणि एक कळफलक (बटणांची पाटी). आबा तो पुसतात, त्याला हळद-कुंकू वाहतात, अक्षता टाकतात, झेंडूचं फूल ठेवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा कपाटात. तो चालू झालेला मी कधीच पाहिला नव्हता.

"आबा, बंद यंत्राची पूजा कशाला करायची?" मी विचारलं.

आबांच्या हातातला कुंकवाचा करंडा तसाच राहिला. मग ते पाटावरच बसले आणि सांगू लागले.

माईचा टायपिंगचा क्लास होता. खाली यंत्रमागांची खटखट आणि वर टाइपरायटरांची. आबा सात वर्षांचे असताना माईने क्लाससाठी हा संगणक घेतला. गावात तेव्हा संगणक थोडेच होते. लोक नुसते बघायला यायचे आणि चपला बाहेर काढून आत यायचे. माई पुस्तकं वाचून आज्ञावली (संगणकाला द्यायच्या सूचना) लिहायला शिकली. आबांना पाळण्यात म्हटलेली स्वतःची अंगाई तिने त्या यंत्राला शिकवली. संध्याकाळी क्लास सुटला की माई काही अक्षरं टाइप करायची, आणि संगणक पीं-पीं करत ती चाल वाजवायचा. मग दिवे बंद, खिडक्या बंद, आणि घरी.

"म्हणजे अख्खी अंगाई याच्यात आहे?" मी उडालेच. "मग चालू का नाही करत?"

आबांनी डब्यावरून हात फिरवला. "भीती वाटते गं. याच्या पोटात एक फिरती तबकडी आहे. सगळं तिच्यावर लिहिलेलं. इतक्या वर्षांनी ती फिरेल का, आणि किती वेळ फिरेल, कुणी सांगावं? चालू केला आणि मेला, तर संपलंच. बंद आहे तोवर निदान आशा तरी आहे."

"छोटूला आशेने झोप लागत नाही," मी म्हटलं.

आबा हसले. आणि उठले.

डबा उघडल्यावर आबांनी आधी धूळ झटकली, खराब झालेले दोन-तीन भाग बदलले. मग त्यांनी मला आतल्या हिरव्या पाटीवरची एक गोल चपटी बॅटरी दाखवली. नाण्याएवढी. "ही केव्हाच मेलीय," असं म्हणून त्यांनी तिच्या जागी स्वतः बनवलेली नवी बसवली. आयुष्यभर बॅटऱ्या बनवलेला माणूस, त्याला काय अवघड!

वायर लावली, बटण दाबलं. घर्रर्र करून आतला पंखा फिरला. एकदा पीं वाजलं. पडदा काळाच राहिला, मग हळूहळू उजळला आणि त्यावर इंग्रजीत अक्षरं आली. बंडूने वाचून दाखवलं, "तारीख, एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. तबकडी सापडत नाही."

माझं तोंडच उतरलं. "गेली तबकडी?"

"थांब की जरा," आबा म्हणाले. "तू सकाळी उठतेस तेव्हा सगळ्यात आधी काय करतेस?"

"पांघरूण ओढून परत झोपते."

"त्याच्या आधी! हात-पाय जागेवर आहेत, हे कळतंच ना तुला? संगणकालाही उठल्यावर आधी तेच बघावं लागतं. स्मरण आहे का, कळफलक आहे का, तबकडी आहे का. ही तपासणी कशी करायची, ते एका चिपवर कायमचं कोरून ठेवलेलं असतं. तिला बायोस म्हणायचे (यंत्राला जागं करणाऱ्या मूळ सूचना). वीज असो-नसो, ती चिप ते विसरत नाही."

"मग तबकडी का सापडत नाही?"

"कारण प्रत्येक यंत्राचं घर वेगळं. आज तारीख काय, तबकडी कोणत्या जातीची, केवढी, कुठे जोडलीय, हे चिपवर आधीच कसं कोरणार? त्यासाठी एक वेगळं छोटंसं स्मरण असतं. त्याला मात्र सतत थोडीशी वीज लागते. यंत्र बंद असताना ती कुणी पुरवायची?"

माझी नजर त्या मेलेल्या चपट्या बॅटरीकडे गेली. "ही!"

"शाब्बास! ती मेली आणि हा तारीख विसरला, तबकडीचा पत्ताही विसरला. पत्ता विसरला म्हणजे घर पडलं असं नाही. तबकडीवरचं सामान तसंच असेल. आपण याला पत्ता परत सांगायचा."

"कसा सांगायचा?"

"सेटअपमध्ये जाऊन (मूळ नोंदी बदलायची जागा). निळ्या रंगाचा पडदा असतो तो. मी लहानपणी एकदा त्यात शिरलो होतो, तर माईने असा धपाटा घातला की पुन्हा त्या वाटेला गेलो नाही. पण दार माहीत आहे. यंत्र जागं होत असताना, तपासणी संपायच्या आत, डिलीटचं बटण दाबायचं. तपासणी संपली की दार बंद."

आम्ही यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. पडदा उजळेपर्यंत तपासणी संपूनही गेली. या जुन्या पडद्यांना आधी तापावं लागतं, तेवढ्यात दार उघडून मिटलंसुद्धा होतं. मग मला युक्ती सुचली. पडदा आधीच चालू करून तापू द्यायचा आणि संगणक नंतर. तसं केलं, आणि आकडे भराभर वर चढताना दिसले. खाली एक ओळ आली. "सेटअपसाठी डिलीट दाबा," बंडू म्हणाला.

आबांनी दाबलं. काही झालं नाही. पुन्हा चालू करून मी दाबलं, चार-पाच वेळा, टकाटक. तरी नाही. तबकडी दर वेळी फिरत होती आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज जरा जास्तच खरखरत होता. आबांच्या कपाळावर घाम आला.

"बस. आणखी किती वेळा फिरवू तिला?" ते म्हणाले. "राहू दे, जुई."

मला रडूच आलं. मी कळफलक मांडीवर घेऊन बघत बसले. सगळी बटणं करड्या रंगाची, स्वच्छ. फक्त एक लाल.

"आबा, कुंकू या एकाच बटणावर का?"

"माईची पद्धत. अक्षरांवर मुलांची बोटं लागतात, तिथे कुंकू नको म्हणायची. म्हणून या बटणावर. याला क्लासमध्ये कामच नव्हतं. टायपिंगच्या परीक्षेत खोडायची परवानगी नसते ना! चुकलं तर चुकलं. म्हणून माई डिलीटला कुणाला हातच लावू द्यायची नाही. मीसुद्धा तिच्यासारखंच दरवर्षी…"

आबा बोलता बोलता थांबले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

चमच्याच्या दांड्याने आबांनी ते बटण अलगद उचकटलं. खाली ओल्या कुंकवाचा वाळून दगड झालेला थर, आणि त्यात घट्ट रुतलेला एक तांदळाचा दाणा. अक्षतांतला. बटण वरून दाबलं जायचं, पण त्या दाण्यावर अडून तळापर्यंत पोचायचंच नाही.

"इतकी वर्षं पूजा केली आणि दाराला कडी घातली मी!" आबांनी कपाळावर हात मारला. मी मात्र पोट धरून हसत होते. बंडूने विचारलं, "यात विनोद कोणता?" तर आम्ही आणखीनच हसलो.

स्पिरिट आणि कापसाने सगळं पुसून बटण परत बसवलं. यंत्र चालू केलं. ओळ दिसताच मी दाबत राहिले, आणि पडदा निळा झाला.

आबांनी आधी तारीख बदलायला घेतली. वर्षाच्या जागी त्यांनी १९९७ टाकलं आणि बघत राहिले. माईचा क्लास तेव्हा भरात होता.

"आबा, खरं सांगा त्याला," मी हळूच म्हटलं.

"हो गं," म्हणत त्यांनी ते खोडून २०५६ केलं. खोडायची सवय नसलेलं त्यांचं बोट जरा अडखळलं. मग त्यांनी तबकडी शोधायची ओळ निवडली. यंत्र स्वतःच तबकडीला विचारतं, तू कोण, केवढी आहेस? आतून खरखर आली, थांबली, पुन्हा आली. मी आबांचा हात घट्ट धरला होता. आणि पडद्यावर आकडे उमटले. तबकडीने उत्तर दिलं होतं!

सगळं जपून ठेवायची आज्ञा दिली. यंत्र आपोआप पुन्हा सुरू झालं. या वेळी ते थांबलं नाही. काळ्या पडद्यावर एक छोटी पांढरी रेघ लुकलुकायला लागली.

"माई काय टाइप करायची?" मी विचारलं.

"लक्षात नाही," आबा म्हणाले. पण त्यांनी बोटं कळफलकावर ठेवली, डोळे मिटले, आणि बोटं आपली आपण चालली. बंडूने वाचलं, "घरी."

पीं-पीं सुरू झालं. बारीक, किरटा आवाज, पण चाल तीच. मी मनातल्या मनात बरोबर म्हणत होते. तुटायची जागा आली. तुटली नाही. चाल वर चढली, एक वळण घेऊन सावकाश खाली आली आणि पहिल्या सुरावर येऊन थांबली. इतकी साधी होती, आणि इतकी गोड.

आबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"आठवलं का, आबा?"

"नाही गं," ते म्हणाले. "हे मी विसरलो नव्हतोच, जुई. हे मी आज पहिल्यांदा ऐकतोय. क्लास सुटेपर्यंत मी दमलेला असायचो. चाल सुरू झाली की बाकावरच झोपायचो. अर्ध्यावर पोचेपर्यंत गाढ झोपलेला! पाळण्यातही तेच होत असणार. माई पुढचं वाजवायची तेव्हा ऐकायला मी जागा कुठे होतो?"

बंडूने ती चाल जपून ठेवली. आबा म्हणाले, आता तबकडीवरचं बाकीचंही हळूहळू उतरवून घेऊ, माईने आणखी काय काय लिहून ठेवलंय कुणास ठाऊक. पुढच्या दसऱ्याला कुंकू डब्यावर लावायचं आणि पूजा चालू यंत्राची करायची, असंही ठरलं.

दुपारी छोटू किरकिर करायला लागला. आबांनी त्याला मांडीवर घेतलं, थोपटलं आणि गुणगुणायला सुरुवात केली. तुटायची जागा आली आणि चाल तुटली. मी वळून पाहिलं तर आबांची मान छातीवर टेकलेली. घोरत होते.

छोटूने टक्क डोळे उघडले. तो तोंड उघडणार, एवढ्यात मी जवळ जाऊन पुढची चाल धरली, वळण घेऊन पहिल्या सुरापर्यंत. छोटूने माझ्याकडे पाहिलं, जांभई दिली आणि झोपला.

मी आबांच्या अंगावर पांघरूण घातलं.