थडग्यांना वळसा

उजाडत होतं. खाडीच्या धुक्यातून खारदुर्गाचे बुरूज एकेक करून वर येत होते, आणि बुरुजांच्याही आधी दिसला तो इगर्जीचा पांढरा मनोरा. इगर्ज म्हणजे फिरंग्यांचं देऊळ. गडाबाहेर, माडांच्या बनात, गावाची मशीद होती. उतरती कौलं, सागवानी खांब, पुढ्यात हौद. वीस वर्षांपूर्वी फिरंग्यांनी तिला कुलूप घातलं आणि आत जहाजांची शिडं नि दोरखंड भरले. आता गाव मराठ्यांनी घेतलं होतं, पण मशीद गडाच्या तोफांच्या टप्प्यात होती. तिच्या दाराशी जाणारा परत येत नसे.

वेढ्याला दोन महिने झाले होते. गडावरचं दारूकोठार पंधरा दिवसांपूर्वीच उडालं होतं, तरी वरच्या तोफा थांबेनात. म्हणजे दारूचा दुसरा साठा होता. कुठे, ते कुणालाच माहीत नव्हतं.

सरदार सुभानराव दळव्यांच्या डेऱ्यात याकूब नाखवा उभा राहिला. चाळिशीचा दर्यावर्दी, याच गावचा.

"सरकार, मी आत जाऊन शोधतो. पण एक मागणं आहे."

"बोला, नाखवा."

"गड पडला की आमची मशीद आमच्या हाती द्यायची. माझ्या बापानं शेवटचा नमाज तिच्यात पढला. माझ्या मुलानं तिची पायरीसुद्धा पाहिली नाही."

सुभानरावांनी बेलभंडार उचलला. "खंडेरायाची आण. मशीद तुमची तुम्हाला परत. हा दळव्यांचा शब्द आहे."

आत न्यायचं काम इनासनं घेतलं. इनास गावातला ख्रिस्ती कोळी. गडाला मासळी लागायची, म्हणून वेढ्यातही दर रविवारी ख्रिस्ती कोळ्यांना खाडीच्या दरवाज्यानं इगर्जीतल्या प्रार्थनेला, मिस्साला, सोडत. फिरंग्यांवर त्याचा राग जुना होता. बहिणीच्या लग्नात हिंदूंसारखी हळद लावली म्हणून पाद्र्यानं त्याला चौकात फटके मारवले होते.

शनिवारी उलट्या होडीच्या सावलीत याकूबची शिकवणी चालली.

"टोपी काढायची. वहाणा नाही काढायच्या."

"वहाणांसकट देवापुढं?"

"तुम्ही पाय उघडे करता नि डोकं झाकता, आम्ही डोकं उघडं करतो नि पाय झाकतो. देवाला कुठलं टोक दाखवायचं, एवढाच काय तो फरक, नाखवा."

याकूब हसला. "आणि बसायचं कुठं?"

"मागं. पुढं कपितान, मग त्याचे शिपाई, मग आम्ही. दाराशी गुलाम."

"आमच्यात नाखवा नि खलाशी खांद्याला खांदा लावून एका रांगेत."

"म्हणून तर कुलूप लागलं तुमच्या मशिदीला," इनास म्हणाला. "चल, गुडघा टेकून दाखव. अरे उजवा! उजवा!"

सगळं शिकवलं. दारातलं पाणी कपाळाला कसं लावायचं, क्रूस छातीवर कसा काढायचा, घंटा झाली की मान कशी खाली घालायची. एकच गोष्ट राहिली. ती सांगायची इनासच्या डोक्यातच आली नाही, कारण तो लहानपणापासून तिच्यावरून चालत आला होता.

रविवारी सकाळी इनासचा क्रूस गळ्यात घालून, 'जाकोब' नावाचा ख्रिस्ती होऊन याकूब इगर्जीत शिरला आणि दोन क्षण आपण कशासाठी आलोय तेच विसरला. खिडक्यांना काचेच्या जागी शिंपले बसवलेले, त्यांतून येणारा उजेड दुधासारखा. समोर सोन्याची वेदी, तिच्यावर रडणाऱ्या आईची मूर्ती. वर छतापर्यंत चढत जाणारं गाणं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलायचं. त्याच्या मशिदीत यातलं काहीच नव्हतं. तिथं कोरी भिंत, चटई आणि हौदाच्या पाण्याचा थंडावा होता. इथं नजर भरून यायची, तिथं ती रिकामी व्हायची. याकूबला वाटलं, दोन्हीकडे रडता येईल.

मग त्यानं खाली पाहिलं. जमिनीतली प्रत्येक मोठी फरशी एक थडगं होती. नावं कोरलेली, कवट्या कोरलेल्या. त्यांच्यात मयताला मशिदीबाहेर पुरत, आणि कबरीवर पाय देणं म्हणजे मेलेल्याच्या छातीवर उभं राहणं. इथं लोक नावांवरून चालत होते. अक्षरं घासून गुळगुळीत झाली होती. याकूबचे पाय आपोआप फरश्यांच्या कडेकडेनं वाट काढू लागले.

आणि पायांकडेच नजर असल्यामुळे त्याला ते दिसलं. शिपाई टाचांना खिळे ठोकलेले बूट घालून सगळी थडगी तुडवत होते, पण वेदीच्या डावीकडची तिसरी फरशी मात्र प्रत्येक जण टाळत होता. मेलेल्यांची भीड नसलेली माणसं त्या एकाच दगडाला भीत होती. लोखंड दगडावर घासलं की ठिणगी उडते.

सगळे गुडघ्यांवर असताना तो इनासच्या कानाशी कुजबुजला, "डावीकडची तिसरी फरशी. खिळ्यांचे पाय तिला टाळतात. दारू तिच्याखाली आहे."

मिस्सा संपली. दारात कपितान मिरांद उभा होता. कोकणात केस पांढरे झालेला माणूस, मराठी बोलायचा.

"तू थांब. आमच्या मेलेल्यांना वळसा घालतोस तो? असा ख्रिस्ती मी पाहिला नाही." मग तो इनासकडे वळला. "तू ओळखतोस याला?"

इनास अडखळला असता तर दोघेही गेले असते, आणि फरशीची खबरही. याकूब मोठ्यानं हसला आणि इनासच्या तोंडावर थुंकला.

"हा मासेविक्या काय ओळखणार मला? मी याकूब नाखवा, मुसलमान. आमची मशीद उघडा म्हणून तुमच्या पाद्र्याचे पाय धरायला आलो होतो."

"पाय धरायला वेष कशाला?"

"उघडपणे आलो तर ऐकता कुठं तुम्ही?"

इनासनं तोंड पुसलं. "मी नाही ओळखत याला," तो म्हणाला आणि बाहेर पडला. दुपारी याकूबला तटावर फाशी दिलं. गळ्यात अजून इनासचाच क्रूस होता.

इनासनं डेऱ्यात जाऊन सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "सरकार, दिवसा बायकापोरं इगर्जीत आसऱ्याला असतात. आधी त्यांना निघायला सांगा."

"सांगितलं की ते दारू हलवतील," सुभानराव म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

मंगळवारी सकाळी उखळी तोफांचा सातवा गोळा इगर्जीच्या छतातून आत गेला. मनोरा उचलला गेला, तटाला खिंडार पडलं, दुपारपर्यंत गडावर भगवा चढला. ढिगाऱ्यातून बायकांची सतरा प्रेतं निघाली. मुलांची मोजायला कुणी थांबलं नाही.

आठव्या दिवशी याकूबच्या मुलाला घेऊन इनास सुभानरावांपुढे आला. मशिदीच्या दारावर मराठ्यांचा पहारा बसला होता. शिडं बाहेर काढून आत पिंपं रचली होती.

"गडावरचं कोठार नाही, इगर्ज नाही," सुभानराव म्हणाले. "गावात तेवढीच एक कोरडी, पक्की इमारत आहे. दारू कुठं ठेवू?"

"आण घेतली होती सरकारांनी."

"मोडली नाही. देणार आहे. आज देतो असं म्हटलं नव्हतं." त्यांनी इनासकडे बोट केलं. "तू तर ख्रिस्ती. तुझ्या इगर्जीची भरपाई माग, देतो."

"ती मीच दाखवून पाडली," इनास म्हणाला. "तिची भरपाई कुणाकडनं घेऊ?"

शुक्रवारी गावचे लोक नमाजासाठी मशिदीबाहेर वाळूत रांगेनं उभे राहिले. पहारेकरी लांबूनच ओरडला, "ए, ऊद बिद पेटवू नका इथं! आत दारू आहे!" एका म्हाताऱ्यानं हातातली उदबत्ती मुकाट्यानं वाळूत खुपसून विझवली, आणि रांग पंचवीस पावलं मागे सरकली.