नांगी

पहिल्या खेपेला ती गेली ती नुसती पिशव्या धरायला. लग्नाला दीड महिना झाला होता. घरात कुठला डबा कुठल्या फळीवर हे तिला अजून विचारावं लागत होतं, आणि विचारून विचारून तिला स्वतःचाच कंटाळा आला होता. त्यामुळे नवरा "येतेस का?" म्हणाल्याबरोबर ती चपला घालून दारात उभी राहिली.

नवऱ्याचं दुकान होतं. कारखान्यातला माल तो ठेवत नसे. आसपासच्या लहान लहान शेतांवरून मध, चीज, फळं आणायचा, आणि टेकडीवरच्या एका द्राक्षबागेतली वाइन. दर ऋतूला एक फेरी. जायचं, चाखायचं, गंभीरपणे मान हलवायची आणि गाडी भरायची. "मी स्वतः बघून आणतो," हे तो गिऱ्हाइकांना इतक्या वेळा सांगे की त्याचाच त्यावर विश्वास बसला होता. तिलाही त्याने असंच बघून आणलं होतं, एका दुपारी, पंचवीस मिनिटांत.

त्या पंचवीस मिनिटांत त्याने एक गोष्ट मात्र लपवली नव्हती. "आधी एक होती," तो म्हणाला होता. "गेली सोडून." तिच्या वडिलांना तेवढं पुरलं. तिला पुरवून घ्यावं लागलं.

वसंताचे दिवस होते. मधवाल्याच्या पेट्या उतारावर ओळीने मांडलेल्या होत्या आणि हवेत सगळीकडे एक बारीक, न थांबणारी गुणगुण होती. मधवाला तोंडावरची जाळी वर करत पुढे आला.

"या वहिनी! यंदा उशीर केलात. खोकला काय म्हणतोय?"

तिला खोकला नव्हता. आयुष्यात कधी फारसा झालाही नव्हता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो मधाची बाटली उजेडात धरून एक डोळा मिटून बसला होता.

परतताना गाडीत तिने विचारलं, "अहो, ते मला कोण समजले?"

"अगं, शंभर माणसं येतात त्यांच्याकडे. कोण कोणाला लक्षात ठेवतो?"

"मी तिच्यासारखी दिसते का?"

"कोणासारखी?" तो म्हणाला.

तो टाळत असता तर तिला बरं वाटलं असतं. पण त्याने खरंच विचारलं होतं.

तिला खरं तर फार काही नको होतं. या माणसांपैकी एकाने तरी एकदा नीट वर बघावं आणि म्हणावं, अरेच्चा, या नव्या दिसतात. बस. माणूस बदललंय हे कोणाच्या तरी लक्षात यावं, एवढंच. नवऱ्याकडून ती आशा तिने लवकर सोडली. तो तिला नावाने हाक मारत नसे. "अगं" म्हणे. हे नाव कोणालाही बसतं, आणि धुवायलाही टाकावं लागत नाही.

उन्हाळ्यात ते चीजवाल्या बाईंकडे गेले. बाईंनी तळघराच्या दाराशी खुंटीवरचे रबरी बूट काढून तिच्यापुढे टाकले. "तुमचे ठेवलेत हो मी जपून. खाली ओल आहे."

"माझे नाहीत हे," ती हसून म्हणाली.

"घालून तर बघा."

तिने घातले. बसले. नुसते बसले नाहीत. तिची डावी टाच चालताना बाहेरच्या अंगाने झिजते, तिच्या प्रत्येक चपलेची ती खोड होती, आणि या बुटाची टाच नेमकी तिथेच झिजलेली होती. बाईंनी समाधानाने मान डोलावली. त्यांनी बूट पाहिले होते. तिच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

तळघरात फळ्यांवर चीजचे गोल ओळीने ठेवलेले होते, पांढुरके, बुरशी धरलेले. ओल्या चुन्याचा आणि आंबलेल्या दुधाचा वास होता. चार पायऱ्या उतरली आणि तिला ठसका लागला. मग दुसरा.

"तरीच," बाई अंधारातून म्हणाल्या. "म्हटलं, अजून खोकला कसा आला नाही."

तो खोकला तिच्याबरोबर घरी आला. आठवडाभराने सासूबाईंनी कपाटातून एक औषधाची बाटली काढून तिच्या हातात दिली. अर्धी रिकामी होती.

"आई, ही कोणाची?"

"तुझीच की."

"माझी कशी असेल? बाटलीवर तीन वर्षांपूर्वीची तारीख आहे."

सासूबाईंनी चष्म्यातून तारीख वाचली, मग तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी आलं. दारावरची बेल वाजल्यावर उठायचं की नाही हे ठरवताना येतं, तसं.

"अगं, पण घरात दुसऱ्या कोणाला खोकला आहे का?" त्या म्हणाल्या. "उगाच शंका काढत बसू नकोस. दोन चमचे घे."

तिने घेतलं. औषध कडू होतं. आणि कडू असणार हे झाकण उघडायच्या आधीच तिच्या जिभेला ठाऊक होतं.

शरदात द्राक्षतोडणीला गेले तेव्हा तिने ठरवूनच ठेवलं होतं. बागेच्या टोकाला लांब टेबल मांडलं होतं, तोडणीची दहा-बारा माणसं हात धुऊन बसली होती, सगळ्यांची बोटं जांभळी. बागवाल्या बाई म्हणजे पन्नाशीच्या पुढच्या, पुरुषी कोट घातलेल्या, मोठ्या आवाजाच्या. त्या ओरडल्या, "वहिनी, बसा की तुमच्या जागेवर!"

ती उभीच राहिली. घसा साफ केला. एवढ्या माणसांपुढे ती कधी बोलली नव्हती.

"मला एक सांगायचंय. मी त्या नाही. आमचं लग्न याच वर्षी झालंय. मी इथे पहिल्यांदा आले आहे."

मग सगळं टेबल हसायला लागलं. कोणी टेबलावर थाप मारली, कोणाला ठसका लागला. बागवाल्या बाईंनी डोळे पुसले.

"दर वर्षी हेच!" त्या म्हणाल्या. "अहो वहिनी, विनोद जुना झाला आता. पण सांगता झकास. तोंड अगदी रडवेलं करून!"

नवराही हसला. इतरांपेक्षा थोडा उशिरा, पण हसला.

ती बसली. ज्या जागी बसली ती तिची जागा होती, कारण तेवढीच एक रिकामी होती.

हिवाळ्यात ती स्वतःहून निघाली. नवऱ्याला आश्चर्य वाटलं नाही. त्याला कशाचंच वाटत नसे. वर पोचल्यावर तो पिंपांच्या खोलीत चाखायला गेला आणि ती सरळ बागेत शिरली. दुपार होती, स्वच्छ ऊन होतं, पण उन्हाला ऊब नव्हती. पानं झडून गेली होती. तारांवर नुसत्या काड्या, करड्या, वेड्यावाकड्या. कात्रीचा आवाज येत होता. कट्. मग थांबणं. कट्.

बागवाल्या बाई छाटणी करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"दोन डोळे ठेवायचे," त्या म्हणाल्या. "एका काडीला दोनच. जास्त ठेवले की वेल उगाच पसरतो. काही हवंय का?"

"विचारायचं होतं."

"विचारा की."

पण ती विचारेना. तिची नजर समोर गेली होती. ओळीत एका ठिकाणी खोड नव्हतं. त्याऐवजी शेजारच्या वेलाची एक लांब काडी खाली वाकवून मातीत गाडलेली होती, आणि तिचं टोक हातभर पुढे, रिकाम्या जागी, काठीला बांधून उभं केलेलं होतं.

"हे काय?"

"नांगी भरलीय. मधला वेल मेला की ओळीत नांगी पडते, रिकामी जागा. तिथे नवं रोप लावून चालत नाही, आजूबाजूचे जुने वेल त्याला जगू देत नाहीत. म्हणून शेजारचीच काडी वाकवायची, मातीत दाबायची आणि नांगीत वर काढायची. दाब कलम. दोन वर्षांत कोणाला कळतही नाही इथे दुसरा कोणी होता म्हणून."

"तिला कळत असेल ना?"

"कोणाला?"

"काडीला."

बाई हसल्या. "तिला वाटत असेल आपण नवा वेल. पण पितेय जुन्याचंच. मुळं धरली की मधून तोडायची. फार आधी तोडली तर वाळते. फार उशीर केला तर मग... मग दोन म्हणायलाच अर्थ नाही. एकच वेल तो."

ती खाली वाकली. काडी काठीला सुतळीने बांधलेली होती. दोन वेढे, एक उलटा, आणि टोक आत खोचलेलं. ही गाठ तिच्या माहेरी बांधत. तिच्या आईची गाठ होती ती, आईला तिच्या आईने शिकवलेली, आणि सासरी आल्यापासून तिने ती एकदाही बांधली नव्हती.

"ही... ही गाठ कोणी मारली?"

"म्हणजे काय? तुम्हीच. मागच्या हिवाळ्यात." कट्. "हट्टच धरलात, मला करू द्या म्हणून. छान धरलंय बघा."

"आणि मग?"

"मग काय?"

"मग मी काय केलं?"

बाईंनी आता पहिल्यांदा वर पाहिलं. पण तिच्याकडे नाही. तिच्या खांद्यावरून, खाली रस्त्याकडे.

"काय करणार, गेलात. हे साहेब आत पिंपाशी होते. तुम्ही असंच काहीबाही विचारलंत, पर्स घेतलीत आणि बस पकडलीत. घाईत होतात."

"आणि ते... ते शोधायला आले नाहीत?"

"आले की. म्हणाले, हिला कुठे पाहिलंत का? मी म्हटलं, गेल्या. ते म्हणाले, बरं." बाईंनी कात्री कोटाच्या बाहीला पुसली. "मग वसंतात आलातच तुम्ही. मधवाल्याने सांगितलं मला, वहिनी आल्या म्हणून."

तिला जोरात खोकला आला. ओसरला तेव्हा आजूबाजूला अजिबात आवाज नव्हता. पिंपांच्या खोलीतून नवऱ्याचं हसणं ऐकू आलं आणि बंद झालं.

तोडायचं तर आत्ता, तिला वाटलं. मुळं धरली असोत की नसोत. नवऱ्याला सांगण्यासारखं काही नव्हतं. तो "बरं" म्हणाला असता. मोठी बहीण शहरात होती, बसच्या शेवटच्या थांब्याजवळ. ती दार उघडेल, नावाने हाक मारेल, मग रागावेल. नावाने हाक मारून रागावणारं माणूस तिला त्या क्षणी हवं होतं. तिने पर्स घेतली आणि उतारावरून जवळजवळ पळतच खाली आली.

बस लगेच मिळाली. आत दोन-तीन माणसं होती, पेंगलेली. ती खिडकीशी बसली आणि कितीतरी महिन्यांनी तिने पूर्ण श्वास घेतला. मागे टेकडी वळली, बाग दिसेनाशी झाली. झालं, तिने मनात म्हटलं. तुटलं. आणि मी जिवंत आहे.

कंडक्टर आला. साधा, मिशावाला, शांत माणूस. तिने तोंड उघडायच्या आत त्याने तिकीट फाडून तिच्या हातावर ठेवलं.

"मला शेवटच्या थांब्याचं हवंय," ती म्हणाली.

"हो, आधी तसंच म्हणता तुम्ही."

तिने तिकिटाकडे पाहिलं. "हे पुलापर्यंतचं आहे."

"पुलावरच उतरता ना."

"पुलावर थांबा आहे?"

"नाही. पण तुम्ही घंटा मारता, मग थांबवावी लागते." तो जरा खजील हसला. "माझी हरकत नाही हो. एका माणसासाठी थांबलं तर काय बिघडतं?"

"अहो, ऐका..." तिचा आवाज इतका हळू झाला की त्याला खाली वाकावं लागलं. "आजपर्यंत... किती वेळा?"

त्याने खरोखर आठवून पाहिलं. ओठ हलले. मग त्याने नाद सोडला.

"ते काही सांगता नाही यायचं. दर हिवाळ्याला एकदा धरा."

"आणि परत येताना? परत येताना कधी बसले मी या बसमध्ये?"

कंडक्टर तिच्याकडे बघत राहिला. वर्षभरात तिच्याकडे इतकं नीट कोणीच पाहिलं नव्हतं. कपाळ, डोळे, हनुवटी, सगळं त्याने सावकाश पाहिलं, आणि त्याच्या भुवया हळूहळू एकत्र आल्या.

"नाही बुवा," तो म्हणाला. "परत येताना नाही कधी."

बाहेर झाडं संपली आणि उघडं आकाश आलं. रस्ता वर चढू लागला. खाली खोल कुठेतरी पाणी होतं. दिसत नव्हतं, पण चाकांचा आवाज बदलला, पोकळ झाला. ती दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. बोटं बोटांत अडकवून. ती हलली नाही, श्वाससुद्धा तिने बेताने घेतला.

घंटा वाजली.

पेंगणाऱ्यांपैकी कोणी उठलं नाही. कंडक्टरचे हात तिकिटांच्या पेटीत होते. तिचे मांडीवर. बस हळू झाली, आणि पुलाच्या बरोबर मध्यावर थांबली. दार उघडलं. गार वारा आत आला. दारातून पुलाचा कठडा दिसत होता, लोखंडी, दुपार टळली तरी न वितळलेल्या दंवाने पांढरा झालेला. फक्त एका जागी दंव पुसलं गेलं होतं. दोन तळव्यांएवढं, शेजारीशेजारी. आणि तिथलं लोखंड अजून ओलं होतं.

कंडक्टरने बाजूला सरून तिला वाट करून दिली.

"सावकाश हं, वहिनी," तो हळूच म्हणाला. "कठडा निसरडा आहे आज."